जकार्ता आवडून घ्यायचं असेल तर

बालीला निघालेले नातेवाईक आणि मित्रमंडळी वाटेत जकार्त्यात माझ्याकडे उतरतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुतेकांचं मत पक्कं झालेलं असतं: उकाडा, धूर, ट्रॅफिक, मॉल आणि पुन्हा ट्रॅफिक, इथे बघायचं काय? मी दक्षिण जकार्त्यात तेबेतला राहते, एका कापड कंपनीत हिशेब बघते, आणि हे शहर मला मनापासून आवडतं. ते ज्या पद्धतीने बघितलं जातं, त्या पद्धतीने ते कुणालाच आवडणार नाही. सकाळी गाडी बोलवायची, शहराच्या चार टोकांची चार ठिकाणं यादीत घालायची आणि निम्मा दिवस काचेआड बसून काढायचा. त्यापेक्षा वेगळं कसं करायचं ते सांगते.

आधी नकाशा उभा धरा

जकार्ता आणि त्याला चिकटलेली बोगोर, देपोक, तांगेरांग, बकासी ही शहरं मिळून इथे ‘जाबोदेताबेक’ म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या अहवालात जकार्ता हे जगातलं सगळ्यात जास्त लोकवस्तीचं शहर ठरलं, जवळपास ४ कोटी २० लाख माणसांचं. एवढ्या पसाऱ्यात पाहुणा मधला चौक शोधायला लागतो, जिथे उभं राहिलं की शहर समजेल. तसा चौक इथे नाही. इथे एक रेघ आहे, समुद्राकडून डोंगराकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी.

ही रेघ कशी पडली ते समजून घ्या. उत्तरेला सुंदा कलापा हे जुनं बंदर. १५२७ मध्ये सेनापती फताहिल्लाहने ते घेतलं आणि जयकर्ता वसवलं. २२ जूनला शहराचा वाढदिवस अजूनही साजरा होतो. १६१९ मध्ये डचांच्या यान पीटरझून कूनने ते जिंकून तिथे बटाविया उभारलं, हॉलंडातल्यासारखे कालवे खोदले. उष्ण, सपाट, दलदलीच्या किनाऱ्यावर त्या कालव्यांत पाणी साचलं, मलेरियाने माणसं मरू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डचांनी कारभार दक्षिणेला हलवला, आज जिथे मर्देका मैदान आहे तिथे. विसाव्या शतकात त्याच्याही दक्षिणेला मेंतेंगचे बंगले आले, स्वातंत्र्याच्या सुमारास आणखी खाली कबायोरान, आणि मग या दोहोंना जोडणाऱ्या सुदिरमान रस्त्यावर काचेचे मनोरे. म्हणजे समुद्राकडून दक्षिणेला निघालात की चारशे वर्षं ओळीने समोर येतात.

माणसं पाण्यापासून दूर, वर सरकत गेली. पाणी मात्र उलट, बोगोरच्या डोंगरातून याच माणसांच्या अंगणातून समुद्राकडे जातं. शहराचं बरंचसं दुःख आणि बरीचशी हुशारी याच एका गोष्टीत आहे. ती डोक्यात ठेवून फिरा.

यावरून माझा एकच नियम: एका दिवशी या रेघेचा एकच तुकडा. सकाळी उत्तरेचं कोता आणि दुपारी दक्षिणेचं ब्लॉक एम असं करायचंच नाही, कितीही जवळ दिसलं तरी.

कशाने फिरायचं

मुंबईच्या लोकलची सवय असलेल्यांना इथली कम्युटर लाइन लगेच जमते. बोगोरहून निघणारी गाडी माझ्या तेबेतवरून, मांगराईवरून थेट जकार्ता कोता स्टेशनात जाते. डबे बरेचसे टोकियोत वापरून झालेले, वातानुकूलित, पहिला आणि शेवटचा डबा बायकांचा. मांगराईपासून पुढे रूळ उंचावरून जातात. दारापाशी उभं राहून कौलारू वस्त्या, मशिदींचे घुमट, वाळत घातलेले कपडे आणि मागे मोनास या राष्ट्रीय स्मारकस्तंभाचं सोनेरी टोक बघत जाणं, हे जकार्त्याचं सगळ्यात चांगलं दर्शन आहे असं मी ठामपणे म्हणते. सकाळी सात ते नऊ कोताच्या दिशेने आणि संध्याकाळी बोगोरच्या दिशेने जाऊ नका, गर्दी आपल्याकडच्यासारखीच असते.

मेट्रोला इथे एमआरटी म्हणतात. २०१९ मध्ये सुरू झाली, लबाक बुलुस ते बुंदरान हाय, तेरा स्टेशनं. २००४ पासून धावणाऱ्या ट्रान्सजकार्ता बसला स्वतःची वेगळी मार्गिका आहे आणि तिचं तिकीट कित्येक वर्षं ३,५०० रुपिया राहिलं आहे, म्हणजे आपले वीसेक रुपये. कोपऱ्यावरच्या कुठल्याही मिनिमार्केटात बँकेचं ई-मनी कार्ड विकत घ्या; बस, मेट्रो आणि लोकल तिन्हीकडे तेच चालतं. शेवटचा एखाद-दोन किलोमीटरचा तुकडा ॲपवरून बोलावलेल्या मोटारसायकलवर, म्हणजे ‘ओजेक’वर. हेल्मेट तोच देतो. संध्याकाळी चार ते सात मोटारीत बसायचंच नाही, आणि शुक्रवारी पाऊस असेल तर अजिबातच नाही. त्या वेळी कुठल्याही मॉलमध्ये खुशाल शिरा, इथली अर्धी माणसं तेच करतात.

उत्तरेचा तुकडा: कोता, बंदर, ग्लोडोक

सकाळी लवकर निघा, नऊनंतर ऊन टोचतं. कोता स्टेशन १९२९ चं आहे. उतरल्यावर लगेच बाहेर पळू नका, कमानीच्या छताखाली थोडा वेळ थांबून ते बघा. तिथून पायी फताहिल्लाह चौक. समोरची मोठी पांढरी इमारत डचांचं १७१० चं नगरगृह, आता इतिहासाचं संग्रहालय. वरच्या मजल्यावरच्या लाकडी कपाटांपेक्षा खालच्या कोठड्या बघा. छत इतकं ठेंगणं की ताठ उभं राहता येत नाही. जावातल्या डचविरोधी युद्धाचा नेता दिपोनगोरो याला १८३० मध्ये हद्दपारीच्या आधी याच इमारतीत ठेवलं होतं.

चौकात भाड्याच्या रंगीत सायकली आणि मोठ्या टोप्या मिळतात, मुलं सोबत असतील तर घ्या. पण वेळ राखून ठेवा तो सुंदा कलापासाठी. तिथे धक्क्याला ओळीने लाकडी गलबतं लागलेली असतात, पिनिसी घाटाची, सुलावेसीच्या बुगिस लोकांच्या परंपरेतली. ही पर्यटकांसाठी ठेवलेली नाहीत. सिमेंट, लाकूड, किराणा अजून यातून बेटाबेटांवर जातो, आणि हमाल अरुंद फळीवरून ये-जा करत तो भरतात. त्यांच्या वाटेत उभं राहू नका. फोटो काढायचा असेल तर आधी नजरेने विचारा. बहुतेक जण हसून मान डोलावतात.

परतताना ग्लोडोक, म्हणजे चिनी वस्ती. १७४० मध्ये बटावियात चिनी लोकांची कत्तल झाली, त्यानंतर त्यांना तटाबाहेर इथे राहायला लावलं. आज पेतक सेंबिलानच्या गल्लीत भाजी, मासे, औषधी मुळ्या, लाल मेणबत्त्या यांच्या मधून वाट काढत तुम्ही धर्म भक्ती मंदिराशी पोचता. सतराव्या शतकातलं हे देऊळ २०१५ च्या आगीत मोठं जळलं, तरी पूजा थांबली नाही. जवळच ग्लोरिया गल्लीत ‘ताक की’ हे १९२७ पासूनचं कॉफीचं दुकान आहे. बर्फाची काळी कॉफी मागा. दुपारी ते बंद होतं, म्हणून वेळेत पोचा.

मधला तुकडा आणि एक दगड

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. ते इथे आले तेव्हा त्यांना काय दाखवावं हा प्रश्नच पडला नाही. राष्ट्रीय संग्रहालयात तुगूचा शिलालेख आहे, अंड्याच्या आकाराचा मोठा दगड, उत्तर जकार्त्यात तुगू गावात सापडलेला, पाचव्या शतकातला. लिपी पल्लव, भाषा संस्कृत. तारुमानगरचा राजा पूर्णवर्मन याने गोमती नावाचा कालवा खणवला, लांबी ६,१२२ धनुष्यं. फाल्गुन कृष्ण अष्टमीला काम सुरू झालं, चैत्र शुक्ल त्रयोदशीला संपलं, एकवीस दिवसांत. मग ब्राह्मणांना हजार गाई दान दिल्या. त्याआधी खणलेल्या आणखी एका प्रवाहाचा उल्लेख आहे, त्याचं नाव चंद्रभागा. बाबांनी तिथेच उभ्या उभ्या तिथी मोजल्या. आपल्या पंचांगाप्रमाणे फाल्गुन वद्य अष्टमी ते चैत्र शुद्ध त्रयोदशी बरोबर बसते. दीड हजार वर्षांपूर्वीही या सपाट जमिनीवर पाण्याला वाट करून देणं हेच राजाचं मोठं काम होतं. हा दगड बघितल्यावर शहर वेगळं दिसतं, म्हणून मी प्रत्येकाला आधी तिथे नेते.

संग्रहालयाच्या दारात सयामच्या राजाने १८७१ मध्ये भेट दिलेला काशाचा हत्ती आहे, म्हणून लोक त्याला ‘म्युझियम गाजाह’ म्हणतात. २०२३ मध्ये इथे आग लागली, वर्षभराने ते पुन्हा उघडलं. आदित्यवर्मन राजाची चार मीटरहून उंच भैरवमूर्ती आणि प्रज्ञापारमिता ही बौद्ध देवी यांच्यासमोर शांतपणे बसा. सोमवारी संग्रहालयं बंद असतात, हे लक्षात ठेवून बेत आखा.

बाहेर मैदानाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात रथावरचा अर्जुन दिसेल, सारथी अर्थातच कृष्ण. न्योमान नुआर्ता यांनी १९८७ मध्ये केलेलं हे शिल्प आहे. आता मोनास. १३२ मीटरचा हा स्तंभ पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांच्या काळात सुरू झाला. लिफ्टची रांग तासन्‌तास हलत नाही, म्हणून मी पाहुण्यांना तिथे रांगेत उभं करत नाही. मैदानाच्या दक्षिणेला राष्ट्रीय ग्रंथालयाची चोवीस मजली इमारत आहे, २०१७ ची. वरच्या मजल्यावर फुकट जाता येतं, तिथून मोनास आणि सगळं मैदान समोर दिसतं, आणि वाटेतल्या मजल्यांवर जमिनीवर बसून अभ्यास करणारी मुलं दिसतात. मला ती मोनासइतकीच बघण्यासारखी वाटतात.

दुपार उतरल्यावर इस्तिकलाल मशीद. ती बांधली फ्रेडरिक सिलाबान यांनी, सुमात्राच्या बाताक समाजातल्या एका ख्रिश्चन वास्तुविशारदाने, स्पर्धेत निवड होऊन. १९७८ मध्ये ती खुली झाली. घुमटाचा व्यास ४५ मीटर, कारण स्वातंत्र्य १९४५ चं. कुठल्याही धर्माच्या माणसाला आत घेतात, झगा देतात, सोबत माहिती सांगणारा माणूस येतो. शुक्रवारी दुपारी मात्र जाऊ नका. रस्त्यापलीकडे १९०१ चं कॅथेड्रल आहे आणि दोघांना जोडणारा बोगदा रस्त्याखालून केला आहे. २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस तिथे आले होते. नाताळात चर्चला येणाऱ्यांच्या गाड्या मशिदीच्या आवारात लागतात. ही गोष्ट मला इथल्या कुठल्याही स्मारकापेक्षा मोठी वाटते.

तिथून चालत पासार बारू, १८२० पासूनचा बाजार. कापडाच्या कित्येक दुकानांचे मालक भारतीय वंशाचे, बरेचसे सिंधी. जवळ गुरुद्वारा आहे. हिंदीत घासाघीस करता येते, त्यामुळे माझ्या सासूबाईंचा सगळ्यात आवडता भाग हाच.

रविवारी सकाळी सुदिरमान

रविवारी सकाळी सहा ते दहा सुदिरमान आणि तामरिन हे रस्ते मोटारींना बंद असतात. एरवी ज्या रस्त्यावर गाडी हलत नाही, तिथे बाबागाड्या, सायकली, झुंबा, शाळेचे बँड, आजोबांचे गट. सहालाच पोचा. बुंदरान हायच्या कारंज्यापासून दक्षिणेला चालत दुकू आतासपर्यंत या. इथे मेट्रो, लोकल, एलआरटी (हलकी मेट्रो) आणि विमानतळाची गाडी अशा चारही गाड्या एकत्र येतात. २०२२ मध्ये चितायाम, देपोक अशा लांबच्या उपनगरांतली गरीब घरातली मुलं लोकलने इथे येऊ लागली आणि मनाला येतील ते कपडे घालून झेब्रा क्रॉसिंगवर रॅम्पवर चालावं तशी चालू लागली. साऱ्या देशात त्यांची चर्चा झाली. शहराचा सगळ्यात श्रीमंत रस्ता त्यांनी काही आठवडे आपलासा केला, आणि ते शक्य झालं लोकलच्या स्वस्त तिकिटामुळे. ऊन चढलं की मेट्रो पकडून ब्लॉक एमला जा. ब्लॉक एम स्क्वेअरच्या तळघरात जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, तिथे पंखा आणि गप्पा दोन्ही मिळतात.

गल्लीत शिरा, पण रीतीने

मोठ्या रस्त्यांच्या मागे ‘कांपुंग’ आहेत, दोन माणसं जेमतेम बाजूने जातील अशा गल्ल्यांच्या वस्त्या. जकार्त्याचा जीव तिथे आहे. बसलेल्या माणसांसमोरून जाताना किंचित वाकून ‘पर्मिसी’ म्हणा. वयस्क पुरुषाला ‘पाक’, बाईला ‘बू’, तरुण मुलाला ‘मास’, फेरीवाल्याला ‘बांग’. एवढं आलं की माणसं खुर्ची पुढे करतात. लोकांच्या घरात कॅमेरा घालू नका.

इथे कान उघडे ठेवा. फेरीवाले ओरडत नाहीत, प्रत्येकाचा आवाज ठरलेला असतो. बाक्सोवाला, म्हणजे मांसाच्या गोळ्यांचं सूप विकणारा, वाडग्यावर चमचा वाजवतो, नूडल्सवाला कढईवर. संध्याकाळी वाफेची बारीक, न थांबणारी शिट्टी ऐकू आली की तो ‘कुए पुतू’वाला: तांदळाचं हिरवं पीठ, आत ताडगूळ, बांबूच्या नळीत वाफवलेलं, वर ओलं खोबरं. उकडीच्या मोदकावर वाढलेल्या माणसाला पहिल्या घासात घरी आल्यासारखं वाटतं. शिट्टीच्या दिशेने चालायला लागा, तो फार लांब जात नाही.

शाकाहारी असाल तर उपाशी राहणार नाही, पण विचारून खा. ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीचा कुटलेला लगदा. तो चटणीत असतो, गादो-गादो या भाज्यांच्या पदार्थावरच्या शेंगदाण्याच्या रशातही असू शकतो. ‘तान्पा तेरासी, तान्पा एबी, तान्पा डागिंग, तान्पा आयाम’ असं सांगा; तान्पा म्हणजे ‘न घालता’, एबी म्हणजे सुकी कोळंबी, बाकीचे दोन मांस आणि कोंबडी. केतोप्राक सगळ्यात सोपं: तांदळाचे वड्यांसारखे तुकडे, तळलेला तोफू, मोड आलेले मूग, आणि तुमच्यासमोर दगडावर वाटलेला लसूण-शेंगदाणा. कुरकुरीत पापड्या वरून घालतात, त्या कोळंबीच्या नाहीत ना ते विचारा.

पाणी बघा

पावसाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी, इथली माणसं बोगोरच्या कातुलांपा बंधाऱ्यावरची पाण्याची उंची फोनवर बघत असतात. तिथे आकडा चढला की काही तासांनी चिलिवुंग नदीचं पाणी आमच्याकडे पोचणार. नदीकाठच्या वस्तीतल्या बायका त्याप्रमाणे गाद्या वर चढवतात, दुचाकी पुलावर नेऊन ठेवतात. मांगराईचा दरवाजा, जिथून डचांच्या काळातल्या पूर-कालव्याकडे पाणी वळवतात, तो रस्त्यावरूनच दिसतो. बाबांनी तिथे अर्धा दिवस काढला.

उत्तरेला मुआरा बारूत समुद्राची भिंत आहे. नळाचं पाणी सगळ्यांना पुरत नाही, म्हणून जमिनीतून उपसतात, आणि जमीन खचते. काही भागांत गेल्या काही दशकांत कित्येक मीटर. भिंतीच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला त्याच्या पातळीखाली राहणारी घरं, आणि भिंतीपलीकडे पाण्यात उभी एक सोडून दिलेली मशीद. तिथे जायचं तर ओळखीच्या माणसासोबत जा आणि थोडाच वेळ थांबा. राजधानी बोर्नियोत नुसंतारा इथे हलवायचं २०१९ मध्ये जाहीर झालं तेव्हापासून पाहुणे विचारतात, मग हे शहर रिकामं होणार का? ४ कोटी माणसं कुठे जातील?

शनिवारची रात्र

मुक्कामात शनिवार असेल तर तो सनेनच्या ‘वायांग ओरांग भारत’ या नाट्यगृहासाठी ठेवा. १९७२ पासूनची ही मंडळी. समोर गामेलान वाद्यांचा ताफा, रंगवलेले पडदे, आणि रंगमंचावर महाभारत. भाषा जावानीज, पण दशावतार रात्रभर बसून बघितलेल्या माणसाला काही अडत नाही. कोण भीम आणि कोण दुर्योधन हे चालण्यावरून कळतं. अर्जुन इतका नाजूक, सौम्य की ती भूमिका अनेकदा बाई करते. फरक बघायला मजा येते: इथे द्रौपदी एकट्या युधिष्ठिराची बायको, आणि श्रीकांडी म्हणजे आपला शिखंडी, ती अर्जुनाची धनुर्धर पत्नी. मध्येच विदूषक समार आणि त्याची मुलं गारेंग, पेत्रुक, बागोंग येतात. आपल्या महाभारतात ती नाहीत. ती आजच्या महागाईवर, ट्रॅफिकवर बोलतात आणि थिएटर हसून लोळतं. शेजारी बसलेल्या आजींना विचारा, त्या हातवारे करून सगळं समजावतात. पुढच्या रांगेची तिकिटं आधी काढा.

दोन विमानांच्या मधला एकच दिवस असेल तर

सामान विमानतळावर ठेवा, विमानतळाची गाडी पकडून मांगराईला उतरा, तिथून कोताकडे जाणारी लोकल. जुआंदाला उतरून तुगूचा दगड आणि इस्तिकलाल एवढंच करा. सोमवार असेल तर संग्रहालय बंद, मग सरळ कोतापर्यंत जाऊन सुंदा कलापा आणि ग्लोडोक. छत्री घ्या, ऊन असो वा पाऊस. परतीची गाडी दुपारी तीनच्या आसपासची धरा, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीआधी विमानतळावर पोचाल, आणि मोटारीने जायचा मोह झालाच तर तो चारनंतर करू नका.